लवंग गप्प झाली

२ तारीख, शनिवार

आज लवंग गप्प झाली.

दाताखाली धरली, चावली, गालात घोळवली. काही नाही! झाडूची काडी चावावी तसं. मग कांदा चिरला. डोळ्यांतून पाणी आलं, म्हणजे कांदा खराच होता. नाकाला मात्र त्याचा पत्ता नाही.

ही सर्दीची देणगी. सर्दी आधी म्हाताऱ्याला झाली, त्याने ती मला दिली. उभ्या संसारात न मागता दिलेली ही पहिली वस्तू. मी वाफ घेतली, मिठाच्या गुळण्या केल्या आणि उठून कामाला लागले. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. आता सून सुरसुरतेय. घरातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही, ही आमची पद्धतच आहे.

हा फोन सुनेने दिला तो माझे उपाय उतरवायला. म्हणाली, आई, बटण दाबा आणि बोला, तो लिहितो, तारीखही तोच टाकतो. अक्षरांशी माझी कधी ओळख झाली नाही, त्यामुळे हा काय लिहितो ते मला कळायची सोय नाही. आणि मी डोळे मिटेपर्यंत कुणी वाचायचं नाही, हे सुनेकडून वदवून घेतलंय. तर फोना, आज तुला उचकीचा उपाय सांगणार होते. तो राहू दे. लिही — मला भीती वाटतेय.

३ तारीख, रविवार

भीती कशाची, ते सांगते. एक नाक गेलं तर एवढं काय? म्हाताऱ्याचं कुठे अडलंय? तपकीर ओढून ओढून त्याचं नाक आता फक्त चष्मा टेकवायला उरलंय. पण माझं तसं नाही. माझं सगळं वाचन नाकात आहे.

स्वयंपाकघरात खिडकीशेजारी माझी फळी. पूर्वी तिच्यावर पोचे पडलेला बिस्किटांचा डबा असायचा, निळी बाटली असायची, एक दांडीतुटका मग. लांबून नुसता आकार बघितला तरी कळायचं. गेल्या वर्षी सुनेने हौसेने एकसारख्या काचेच्या बरण्या आणल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली. अक्षर सुरेख असणार, कारण मुंग्यांची रांग अगदी सरळ होती. मी तोंडभरून कौतुक केलं.

पण मला त्या चिठ्ठ्या काय कामाच्या? बरणी संपली की धुवायची, आणि नवा माल आला की हाताला कोरडी लागेल ती बरणी भरायची. झाकण उघडलं, नाकाशी नेलं, झालं. वर्षभर असं चाललंय. कुठल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते मला माहीत नाही, पण आत तेच नाही, एवढं नक्की. हे दोघांनाच ठाऊक होतं — मला आणि माझ्या नाकाला. आता मी एकटी राहिले.

बाकी सगळं डोळ्यांना ओळखू येतं. हळद काय, बडीशेप काय, ती लपून थोडीच राहते. घोळ आहे तो सुंठ आणि वेखंडाचा. दोन्ही मुळ्या, दोन्हींची पूड, दोन्ही मातकट पांढऱ्या. जुळ्या बहिणी! पण सुंठ पोटात जाते आणि पोट शांत करते. वेखंड कपाळाला लावायचं, लोकरीच्या कपड्यांत ठेवायचं म्हणजे किडे पळतात. ते पोटात चमचाभर गेलं तर आतडी पिळवटून निघतात, ओकून ओकून माणूस आडवा होतो.

जीभ तरी सांगेल म्हणून दोन्ही चिमूटचिमूट चाखून बघितल्या. जीभ म्हणाली, भुसा. दुसऱ्यांदाही भुसाच म्हणाली.

आज दोघं येऊन गेले. एकाचा घसा, एकीचा पाय मुरगळलेला. घशाला गुळण्या सांगितल्या, पायाला गार पाण्याची पट्टी. नाक लागत नाही असे उपाय. कुणाला संशय आला नाही. पण असे उपाय माझ्याकडे किती आहेत? दोन दिवसांत संपतील, आणि मग लोक म्हणतील, म्हातारी आटली.

४ तारीख, सोमवार

भाजी करपली. कढईचं बूड काळं झालं तेव्हा कळलं. म्हातारा म्हणाला, आज रंग छान आलाय. सुनेने तर निमूट खाल्ली, एक शब्द नाही. गुणाची पोर.

५ तारीख, मंगळवार

आज मी काय करून बसले, ते मला तरी कुठे कळलंय?

आमच्या खाली शिंप्याचं दुकान आहे. सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याचं मशीन सकाळी सुरू होतं ते संध्याकाळपर्यंत माझ्या पायाखाली घरघरत असतं. तेच माझं घड्याळ. दुपारी मशीन थांबलं आणि मास्तर जिना चढून वर आला, पोट धरून, वाकून. तरी तोंड चालूच! म्हणाला, आजी, पोटात कुणीतरी काजं करतंय, काहीतरी द्या.

मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. तो हसला. म्हणाला, घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला जाऊ? त्याच्या दोन्ही पोरींच्या पोटदुखीला, बायकोच्या खोकल्याला, त्याच्या स्वतःच्या पित्ताला, सगळ्याला माझा हात लागलाय. मास्तरीण लोकांना सांगते, आजींनी नुसतं हुंगलं तरी रोग पळतो. आता अशा माणसाला काय सांगायचं? की बाबा, हुंगणंच गेलंय?

सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

दोन्ही बरण्या खिडकीत उजेडाला नेल्या. एकीतली पूड मला किंचित पिवळसर वाटली. सुंठ जरा पिवळी असते. असते ना? त्या क्षणी अगदी खात्री वाटली. तिच्यातली पूड कागदात बांधली आणि सांगितलं, आता एक चमचा गरम पाण्यातून घे, रात्री एक, सकाळी एक. त्याने पुडी खिशात टाकली. माझा झंपर उद्या देतो म्हणाला आणि वाकलेलाच खाली गेला.

तो गेल्यावर परत खिडकीत जाऊन बघितलं. उजेड सरकला होता. दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

६ तारीख, बुधवार

मशीन सुरू झालं नाही.

चहा झाला, केर झाला, कपडे वाळत घातले. पायाखाली शांत. फरशीला कान लावावा असं वाटत होतं. म्हाताऱ्याला बघायला पाठवलं. तो जाऊन आला आणि म्हणाला, दुकान बंद आहे, एक दिवस झोपला असेल बिचारा, तुला काय त्याच्या घरघरीशिवाय चैन पडत नाही का? मी म्हटलं, तुमच्या घोरण्याची सवय आहे, दिवसा काहीतरी नको का?

विनोद केला, पण तो वळल्यावर खरंच फरशीला कान लावला.

संध्याकाळी समोरच्या इस्त्रीवाल्याकडून कळलं. मास्तरला पहाटे दवाखान्यात नेलं. उलट्या. पाण्याचा घोटही राहत नाही.

उलट्या!

७ तारीख, गुरुवार

सकाळपासून ती बरणी ओट्यावर आणि मी तिच्यासमोर. एकमेकींकडे बघतोय.

दवाखान्यात जाऊन सांगावं, तर सांगायचं काय? मी त्याला काहीतरी दिलंय, काय ते मला माहीत नाही? आणि समजा ती सुंठच असली तर? मास्तरचं पोट आधीच दुखत होतं, रोग त्याचा त्याचाच असेल. मग उगाच जगभर झालं की म्हातारीचं नाक गेलं, आता ती अंदाजाने पुड्या बांधते. पुन्हा कोण चढेल हा जिना? जिना चढून कुणी आलं नाही तर मी दिवसभर करू काय? म्हाताऱ्याचं तोंड बघू?

म्हाताऱ्याला म्हटलं, हे जरा हुंगा. त्याने चिमूटभर उचलून थेट नाकात ओढली, तपकिरीसारखी! मग बराच वेळ विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, ठीक आहे, पण माझ्यावाली बरी. त्या नाकात बंदुकीची दारू उडवली तरी तो हेच म्हणेल.

शेवटी सुनेकडे गेले. सरळ विचारायचा धीर झाला नाही. बरणी पुढे केली आणि सहज विचारल्यासारखं म्हटलं, "हुंगून सांग गं, ही सुंठच ना? जुनी झाली की काय बघतेय."

तिने बरणी हातात घेतली. फिरवली. झाकण काढून नाकाशी नेली.

"सुंठच आहे, आई."

मग बरणी परत देताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, मायेने. का, ते कळलं नाही. पण मला त्या वेळी ती जगातली सगळ्यात गोड पोर वाटली. सुंठ! माझे डोळे अजून शाबूत आहेत. पिवळसर म्हणजे पिवळसर.

आज जेवले. फोना, घे, उचकीचा उपाय घे तुझा. गार पाण्याचे बारीक घोट, मधे श्वास न घेता. नाहीच थांबली तर उचकी लागलेल्याला विचारायचं, तू माझे चमचे चोरलेस का? निम्म्या लोकांची जागच्या जागी थांबते. ज्यांची थांबत नाही त्यांची पिशवी बघावी.

८ तारीख, शुक्रवार

मास्तरीण आली होती. घरातले कपडे न्यायला आली, दोन मिनिटं वर चढली. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. मास्तर तसाच आहे. पोटाला हात लावू देत नाही, जे घेतो ते उलटून पडतं. डॉक्टरांना वाटतंय आतड्यात काहीतरी अडकलंय. उतार पडला नाही तर उद्या दुपारी पोट उघडून बघणार.

ते पुन्हा पुन्हा विचारतायत, म्हणाली, काही वेगळं पोटात गेलंय का? मग माझा हात धरून तिने विचारलं, "आजी, तुमची पुडी कशाची होती? डॉक्टरांनी विचारून यायला सांगितलंय."

"सुंठीची," मी म्हटलं. "नुसती सुंठ. लहान पोरालाही चालते."

ठणकावून सांगितलं. माझं मलाच बरं वाटलं किती ठणकावून सांगितलं ते. ती म्हणाली, मला माहीतच होतं, तुमच्या हातून चूक व्हायची नाही. आणि गेली.

सुंठीने असं होत नाही. म्हणजे आतड्याचंच असणार. असणारच. सून खोटं कशाला बोलेल?

मशीन नाही तर या घरात किती आवाज आहेत. नळ ठिबकतो. फळीवरच्या बरण्या, खालून गाडी गेली की एकमेकींना लागतात.

९ तारीख, शनिवार

सकाळी दूध करपलं. मला धूर दिसला म्हणून कळलं. सून शेगडीच्या शेजारीच उभी होती, पातेल्याकडे पाठ करून, गवार मोडत. तिच्या कानाशी धूर आला तरी ती मोडतच होती.

मी शेगडी बंद केली. विचारलं, "तुला वास नाही आला?"

ती कावरीबावरी झाली. म्हणाली, "नाही हो आई. त्या सर्दीपासून मला कसलाच वास येत नाही. तुमचं काम वाढेल म्हणून बोलले नाही."

"मग परवा ती बरणी?"

"चिठ्ठी वाचली. मला वाटलं, तुम्हाला वाचता येत नाही म्हणून मला विचारताय, पण तसं म्हणायला संकोच वाटतोय. चिठ्ठीवर सुंठच लिहिलंय, आई. मीच लिहिलंय."

तिला सगळं सांगितलं. नाक, बरण्या, पुडी, सगळं. ती चप्पल शोधतेय. दुपारच्या आत पोचायचंय. म्हातारा विचारतोय, सकाळी सकाळी दोघी कुठे? त्याला म्हटलं, शेगडीला हात लावू नका.

बरणी पिशवीत घेतलीय, झाकण घट्ट लावून. दवाखान्यात एखादं तरी नाक शाबूत असेल.