दहा बाय बाराची खोली

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज परत खोली लहान वाटली. मागच्या कोपऱ्यात खाट आडवी बसायची, पायथ्याशी माझी पेटीसुद्धा. आता पेटी मावत नाही. गेल्या वर्षी हे गेले, मी दीड महिना मनमाडला भावाकडे राहून परतले, तेव्हापासून हे असंच. परतले तेव्हा मधल्या भिंतीला नवा गिलावा होता – ओल आली होती म्हणे. अंजलीला, धाकट्या जावेला, सांगितलं. ती म्हणाली, माणूस गेल्यावर भिंती अंगावर येतात ताई.

तिच्या नवऱ्याचं, नवनाथभाऊजींचं, एकच – मनमाडला कायमच्या जा, खोली आमच्या वेदिकाला अभ्यासाला होईल. वाईट बोलत नाहीत. रोज बोलतात, एवढंच.

२० नोव्हेंबर

वेदिका सातवीत. गणित माझ्याकडेच आणते. मी चौथी शिकलेली. पुढचं तिच्याच पुस्तकांतून, तिच्या एक धडा पुढे राहून. आजचं उदाहरण: आयताची लांबी रुंदीपेक्षा २ ने जास्त, परिमिती ४४. रुंदी x धरायला लावली, लांबी x + २.

२(x + x + २) = ४४
४x + ४ = ४४
४x = ४०
x = १०

दहा आणि बारा – माझ्या खोलीचंच माप! हे गवंडी. सहा दिवस गंगापूर रोडला लोकांचे बंगले बांधायचे, सुट्टीला ही खोली. ह्यांचं नाव झुंबर. लिहिता येतं. तोंडाने अजून घेत नाही.

२१ नोव्हेंबर

ह्यांचा टेप काढला. दारापाशी रुंदी मोजली. बरोबर दहा फूट. मागे मोजलीच नाही – ह्यांचा कोपरा म्हणजे काटकोन, इकडे दहा तर तिकडे दहाच.

म्हणजे खोली आहे तेवढीच आहे. माझंच डोकं फिरलंय.

२२ नोव्हेंबर

भाऊजींना हो म्हटलं. रविवारी मनमाड.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पेटी भरली. वेदिका पेटीवरच येऊन बसली. शेवटी वही पुढे सरकवली – घरातला एक काटकोन शोधा आणि पायथागोरसने तपासा.

तिला ह्यांची रीत दाखवली. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खडूची खूण, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमध्ये दोरी पाच फूट भरली की काटकोन. ९ + १६ = २५. ह्यांना वर्ग-वर्गमूळ माहीत नव्हतं, तीन-चार-पाच माहीत होतं. म्हटलं, माझ्या दाराजवळचा कोपरा घे, याहून सरळ नाशकात सापडायचा नाही.

दोरी भरली चार फूट साडेनऊ इंच.

पुन्हा मोजलं. तेच. मग खाट ओढून मागची रुंदी मोजली – नऊ फूट.

वेदिकाने विचारलं, "मोठ्या बाबांचं चुकलं का गं?"

टेप गुंडाळून पेटीत ठेवला. माणूस गेला ते सोसलं. त्यांचं काम वाकडं निघालं, हे सोसवत नाही. आणि हे मनात घेऊन उद्या मनमाडला जायचं.

२४ नोव्हेंबर, सकाळ

वेदिका आत आली, दार लोटलं. "मोठ्या बाबांचं नाही चुकलं. तू मनमाडला होतीस ना, तेव्हा पप्पांनी मधली भिंत पाडून, मागून तुझ्याकडे सरकवून परत बांधली. पलीकडे आमच्या खोलीत कपाट बसत नव्हतं. तुला सांगू नको म्हणाले होते."

भाऊजी रिक्षा घेऊन आलेत. बाहेरून हाका मारताहेत. पेटी उघडून टेप काढलाय. त्यांना आत बोलावलं – मागची रुंदी मोजायची, टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरायचं.