तांब्याच्या देवीचं माहेर

पुणे, १२ नोव्हेंबर १९९७

ती. रंगनाथमामांस,
सा. न. वि. वि.

दिवाळीत मामींचे अनारसे खाल्ले, ते अजून अंगावर आहेत. पत्राचं कारण वेगळं. मखमलाबादच्या सरुबाईंच्या देव्हाऱ्यातली ती तांब्याची बांगडी तुम्हीच मला दाखवलीत. शेवंतीच्या सऱ्या पाडताना सापडली आणि देवी झाली. मामा, घडण पाहता ती तीन हजार वर्षांहून जुनी आहे. सुईएवढं छिद्र पाडून चिमूटभर चुरा मिळाला, तर त्यातल्या निकेल-आर्सेनिकच्या अंशांवरून तांबं कुठल्या खाणीतलं ते ताडता येतं. माझ्या प्रबंधात नाशिकचा दुसरा दागिना नाही. हा नसेल तर ते प्रकरण गाळा, असं सरांनी बजावलंय. पुरातत्त्व खात्याची परवानगी आहे, सरुबाईंची नाही. देवीला भोक पाडायचं म्हटल्यावर त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही. तुम्ही बोलाल?

लोभ आहे, तो या मागणीने आटू नये.
आपली दीपमाला

पंचवटी, २० नोव्हेंबर

चि. दीपमाला हिस अ. उ. आ.

शाळेत जन्मभर संस्कृतचे धातू चालवले, खरा धातू आत्ता गळ्यात आला. सरुबाईला बाजारात गाठलं. हार ओवता ओवता ती म्हणाली, की गुरुजी, आधी तुम्हाला भोक पाडून बघू, मग देवीचं बोलू. गिऱ्हाइकं खदखदली. मी शास्त्राचा आसरा घेतला. मूर्तीची डागडुजी करायची तर देवाला आधी कलशात यायची विनंती करतात. मग कारागिराचा हात लागतो तो नुसत्या धातूला. हे तिला पटलं, पण देवी परत येईल याचा भरवसा काय, असं तिने विचारलं. येते, असं मी ठणकावलं. पोथीत तसं आहे. पाहिलेला कोणी अजून भेटलेला नाही. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी ती घट मांडेल, तेव्हा बांगडी घेऊन जा. अटी अशा: छिद्र एकच, तेही आतल्या अंगाला, आणि शेवटच्या गुरुवारी बांगडी जागेवर.

माझी पंचवटीतली अब्रू तुझ्या सुईच्या टोकावर आहे. लोभाला कळंक चढू देऊ नकोस.
तुझा मामा

पुणे, १० डिसेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

घोटाळा झाला. छिद्र पाडलं, पण चुरा हिरवट निघाला. मातीत राहून धातू आतपर्यंत खाल्ला गेलाय. सरुबाई चिंच लावून घासतात, म्हणून वरून लखलखीत दिसला आणि मी फसले. या चुऱ्याचे आकडे भरवशाचे नाहीत. जाड बाजूला दुसरं छिद्र हवं. प्रयोगशाळेतली मैत्रीण म्हणते, आतल्या बाजूला कोण बघतंय? यंत्र समोर आहे, बांगडीही. पण शब्द एका छिद्राचा दिलाय. तुम्ही विचाराल? त्या नाही म्हणाल्या तर प्रकरण गाळते.

लोभ असू द्या, रागावलात तरी.
दीपमाला

पंचवटी, १५ डिसेंबर

चि. दीपमाला हिस अ. उ. आ.

काल मखमलाबादला गेलो. वाटेत सायकल एकदा परत वळवलीसुद्धा. सरुबाई म्हणाली, की शिकलेल्यांचं एकात भागत नाही हे तिला ठाऊकच होतं. मग विचारलं, एवढं टोचून कळणार काय? देवी कुठून आली ते, असं मी सांगितलं. तिने खुडलेली शेवंती पाटीत टाकली. मग म्हणाली, म्हंजे माहेर. सासरी सुनेला सगळं विचारतात, माहेरचं नाव निघालं की उठून जातात. पाड म्हणावं पोरीला. पण कळलं की आधी मला, सायबाला नंतर.

मामी तुला भित्री म्हणते, मी प्रामाणिक म्हणतो. दोघांचाही लोभ आहे.
मामा

पुणे, २१ डिसेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

जुळलं! दुसऱ्या चुऱ्यात तांबं स्वच्छ मिळालं. त्याच्या अंशांचं प्रमाण जुळतं ते थेट राजस्थानात, अरवलीच्या खाणींशी. शपथेवर सांगता येणार नाही, पण तिथूनच आलं असावं. कोणीतरी ते नर्मदा-तापी ओलांडून इथवर आणलं, मामा! सरांना अजून बोललेले नाही. गुरुवारी पहिल्या एसटीने येते.

लोभ आहेच, सोबत पोहेही असावेत.
दीपमाला

पंचवटी, २७ डिसेंबर

चि. दीपमाला हिस अ. उ. आ.

परवा सरुबाईने सगळं ऐकून नुसती मान हलवली आणि तू हिरमुसून बसमध्ये चढलीस, हे मी पाहिलं. काल ती आमच्या दारात हजर. राजस्थान म्हंजे लय लांब, म्हणाली. एवढ्या लांबची लेक घरात आणि आपण तिची कधी ओटी भरली नाही, म्हणून तू गेल्यावर भरली. देवी घटातून बांगडीत परत आली का, असं मी भीत भीत विचारलं. तर हे तुम्ही मला विचारता व्हय गुरुजी, असं म्हणून मामीकडे बघून हसली.

मग तिने पदराची गाठ सोडली आणि माझ्यापुढे दुसरी बांगडी ठेवली. हिरवीगार, कधी न घासलेली. त्याच सरीत सापडलेली. सरकार नेईल या भीतीने आजवर ज्वारीच्या डब्यात दडवली होती. हिला हवी तेवढी भोकं पाडा, म्हणाली. फक्त दोघी बहिणी आहेत की जावा, एवढं बघून सांगा.

न्यायला लवकर ये. लोभ आहेच.
तुझा मामा