वजिराला लावलेला हात

मैलापूर, चेन्नई
डिसेंबर २००६

प्रिय उपेंद्र,

गेला आठवडाभर तू मला 'मॅडम' म्हणतो आहेस. पहिल्या दिवशी वाटलं, मुद्दाम करतोयस. मग लक्षात आलं की तू मला खरंच ओळखलेलं नाहीस. तुझंही बरोबर आहे म्हणा. काळा कोट, चष्मा, छातीवर 'ए. राजगोपाल, पंच' असा बिल्ला आणि तोंडात तमिळ नाहीतर इंग्रजी. यात पेरांबूरच्या रेल्वे कॉलनीतली दोन वेण्यांची अलकनंदा तुला कुठून दिसणार? मी मात्र तुला दारातच ओळखलं. पोट सुटलंय, केस मागे सरकलेत, पण बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायची तुझी सवय तशीच आहे. ती सवय मी कशी विसरेन रे?

स्पर्धेच्या हॉलबाहेर आईबापांचा तळ पडलेला असतो ना, थर्मास आणि दहीभाताचे डबे घेऊन, तिथे तू रोज प्रवचन द्यायचास. पुण्यातली तुझी बुद्धिबळ अकादमी, तुझे विद्यार्थी, तुझी लेक शर्मिष्ठा. हरणं-जिंकणं दुय्यम आहे, मुलांनी पटावर सचोटी शिकली पाहिजे, असं तू त्या कोलंबोच्या बाईंना समजावत होतास तेव्हा मी मागच्याच टेबलावर कॉफी पीत होते. मला असा ठसका लागला की वेटर पाणी घेऊन धावला. तूही वळून पाहिलंस आणि काळजीनं विचारलंस, आर यू ऑलराइट, मॅडम. मी मान हलवली. ऑलराइट कसली, आतून नुसती धुमसत होते.

आपण पट मांडायचो ते तुमच्या घरी, कपालीच्या देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, पुढच्या ओट्यावर, त्या तिण्णैवर. अख्ख्या मद्रासमध्ये आपल्या ओळखीची मराठी घरं ती किती, त्यात तुझे वडील बँकेत आणि माझे रेल्वेचे डबे बनवायच्या कारखान्यात, पण वसंतरावकाका आणि बाबा एकत्र आले की रविवार कसा जायचा कळायचं नाही. आपण दोघं पटावर आणि आत रत्नप्रभाकाकू माझ्या आईला सांगायच्या की तुमची मुलगी मी सून म्हणून धरून ठेवलीय हं. मला ऐकू यायचं. तुलाही यायचं, कारण त्या वेळी तू हमखास चुकीची चाल खेळायचास. मला तू आवडायचास, हे आज लिहायला काही लाज नाही. तेव्हा तुला पत्रं लिहायचे त्यांच्या खाली 'तुझीच' लिहायचे, आणि ते खरं होतं.

आणि मग ती एकोणऐंशीची निवड स्पर्धा. मुलींची वेगळी स्पर्धा तेव्हा आपल्याकडे कुठे होती, मी तुम्हा मुलांमध्येच खेळायचे. शेवटचा डाव आपलाच लागला. जिंकेल त्याला परदेशातल्या मुलांच्या स्पर्धेला पाठवणार होते. मी जिंकत आले होते, उपेंद्र. तू वजिराला हात लावलास. नुसता ओझरता नव्हे, दोन बोटांत त्याचं डोकं धरलंस. मग तुला दिसलं की वजीर हलला तर राजा उघडा पडतो. तू हात मागे घेतलास, हनुवटीला लावलास आणि जसं काही झालंच नाही असा बसलास. ज्या सोंगटीला हात लावला तीच चालवायची, हे तर आपण तिण्णैवरही पाळायचो. मी पंचांना बोलावलं. राममूर्ती सर पलीकडच्या पटापाशी पाठमोरे उभे होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्यांनी तुला विचारलं. तू त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. थेट डोळ्यांत. आणि म्हणालास, "नाही सर. हिला भास झाला."

साक्षीदार नाही, तर तक्रार नाही. नियम तसाच आहे, आजही आहे. डाव पुढे सुरू झाला आणि मला पट दिसेनासा झाला. हरले. पण हरण्याचं दुःख माणूस गिळतो रे. मी गिळलं असतं. बाहेर व्हरांड्यात वसंतरावकाका लालबुंद होऊन उभे होते, त्यांच्या मुलाला चोर म्हटलं म्हणून. बाबांना वाटलं आता सोयरीक मोडते की काय. त्यांनी माझा दंड धरला आणि सगळ्यांसमोर, राममूर्ती सरांसमोर, त्या सगळ्या पोरांसमोर मला तुझी माफी मागायला लावली. मी हात पुढे केला. चुकलं माझं, म्हणाले. तू हात हातात घेतलास आणि मोठ्या मनानं म्हणालास, "असू दे." हे दोन शब्द मी सत्तावीस वर्षं पोटात घेऊन फिरते आहे. नाही म्हणालास ते एक वेळ भीतीनं असेल. पण हे 'असू दे' तू कुठून काढलंस?

सोयरीक तशीही मोडलीच, मीच मोडली. तू परदेशी जाऊन आलास, खेळाडू म्हणून नोकरी मिळवलीस, पुण्याला गेलास. मी पट माळ्यावर टाकला. बाबा पुढे कधीही कुणाला सांगत बसायचे, आमची अलका खेळायची चांगली, पण हरली की भांडायची. हसत सांगायचे. जाईपर्यंत सांगत होते. मी आधी वाद घातला, मग सोडून दिला. त्यांच्या लेखी मी खोटं बोलले होते, आणि ते तसंच मनात धरून गेले. याचा हिशेब मी कुणाकडे मागायचा, तूच सांग.

राजगोपालनं मला परत पटापाशी आणलं. माझा नवरा, गिंडीला त्याचं लहानसं वर्कशॉप आहे. खेळायचं नसेल तर पंचांची परीक्षा दे, तुला अन्याय बघवत नाही, तिथे कामाला येईल, असं म्हणाला. दिली. गेली बारा वर्षं मी पटांमधून फिरते आणि कुणाकडेही पाठ करून उभी राहत नाही. एवढी काळजी घेऊनही काल तेच घडलं. पलीकडच्या पटाचं घड्याळ बिघडलं होतं, मी वाकून ते बघत होते आणि मागून हात वर झाला. व्हिएतनामची ती चिमुरडी मोडक्या इंग्रजीत सांगत होती की हिनं हत्तीला हात लावला आणि आता घोडा खेळतेय. समोर तुझी शर्मिष्ठा. पहिलं बक्षीस आणि तिच्यामध्ये तो एक डाव.

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. देवानं माझ्या हातात आणून दिलंय असं वाटलं. मी पाहिलं, एवढं म्हटलं असतं की खेळ खलास. कुणी मला विचारलं नसतं. पण मी पाहिलं नव्हतं, आणि तुझ्यासारखं तोंड करून ते वाक्य म्हणायचं माझ्यानं झालं नाही. नाही म्हणाली की डाव पुढे चालू द्यायचा, हे मी मनाशी ठरवलंही होतं. विचारणं मात्र भाग होतं. इंग्रजीत विचारायला तोंड उघडलं आणि मराठीच बाहेर पडलं, हात लागला का गं. पोरीनं दचकून वर पाहिलं. तेच डोळे, तुझेच. आणि म्हणाली, हो, लावला. हत्ती चालवला, चार चालींत डाव गेला, तिनं हात मिळवला आणि सही करून उठली.

मग तू अपील केलंस. समितीपुढे माझ्यापासून हातभर अंतरावर बसून तू सांगितलंस की कुणी साक्षीदार नव्हता, मॅडमनी मराठीत दरडावून पोरीला घाबरवलं, आणि त्या व्हिएतनामच्या मुलीला बहुधा भास झाला. तोच शब्द, उपेंद्र. तुला दुसरा शब्दही येत नाही का? शर्मिष्ठाला आत बोलावलं. ती तुझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मी हात लावला होता. तुम्ही तिथे नव्हता." अपील फेटाळलं गेलं. तू ताडकन उठून गेलास, लेकीला तिथेच सोडून.

आज सकाळी नाश्त्याला ती इडलीची ताटली घेऊन माझ्या समोर येऊन बसली. बाबांच्या वतीनं सॉरी म्हणाली. तू मागायची ती माफी चौदा वर्षांची पोर मागत होती. मी विचारलं, नाही म्हणाली असतीस तर जिंकली असतीस, मग हो का म्हणालीस? तेव्हा तिनं सांगितलं की तू घरी एक गोष्ट सांगतोस. पाहुणे आले की, रंगात येऊन. मद्रासला एक मुलगी जिंकत आली होती, मी वजिराला हात लावला, तिनं आरडाओरडा केला, मी डोळ्यांत बघून नाही म्हटलं, ती कोसळली आणि वर रडत माफी मागून गेली. पटावर काळीज असं लागतं. सगळे हसतात. शर्मिष्ठा लहानपणापासून ऐकतेय आणि दर वेळी तिला त्या मुलीचंच वाईट वाटतं. काल हत्तीला हात लागला आणि तिला ती मुलगी आठवली, म्हणून हो म्हणाली. मग मलाच विचारते, मॅडम, तुम्ही तर इथल्याच, त्या मुलीचं पुढे काय झालं असेल?

म्हणजे कालचं बक्षीस मी नाही घालवलं, राजा. तुझ्या फुशारकीनं घालवलं. हे कळल्यावर मी घरी येऊन गोडाचा शिरा केला. राजगोपाल म्हणतो, विट्टुडु अलका, सोडून दे आता. बाबाही त्या व्हरांड्यात हेच म्हणत होते. एकदा सोडून दिलं होतं, काय मिळालं ते पाहिलंय.

आज संध्याकाळी बक्षीस समारंभ आहे. मी दाराशी उभी असेन, सगळे पंच उभे असतील, मुलं असतील, त्यांचे आईबाप असतील. हात पुढे करायचा असेल तर तिथे कर, आणि काय चुकलं ते तोंडानं सांग. मी 'असू दे' म्हणणार नाही, हे आत्ताच लिहून देते. आणि हात पुढे केला नाहीस तरी आता फार बिघडत नाही. हे पत्र तुझ्याकडे शर्मिष्ठा घेऊन येईल. तिला मी एवढंच सांगणार आहे, 'तू विचारलंस त्याचं उत्तर यात आहे, बाबांना दे.' पाकीट मी चिकटवलेलं नाही. तिनं वाटेत ते उघडून वाचलं की नाही, हे तुला तिच्या डोळ्यांत बघून तिलाच विचारावं लागेल.

तुझीच, एकेकाळची खोटारडी,
अलकनंदा