देवळाबाहेरची सरपंच

८ जुलै १९६२

आजही कोतवालाला परत पाठवलं. पंचायतीची सभा झाली मारुतीच्या देवळात आणि सहीचं पुस्तक आलं माझ्या दारात! "बाई, येवढी सही मारून द्या, मी जातो." ज्या सभेला मी नव्हतेच तिच्यावर सही कशी करू? तर म्हणतो, "गंगूबाई तं मुकाट्यानं अंगठा देऊन राहिली, तुमीच काहून अडून बसल्या?"

पंचायतीत बाया आम्ही दोघीच. गंगूबाई ही किसनराव माळ्याची बायको. देवळात खांबामागे पदर ओढून बसते आणि नवरा पायरीवरून मान हलवील तसा हात वर करते. मला घेतलं तेही कौतुकानं नाही. बाईची जागा भरायची होती. सरपंच खुशालराव पाटलांनी हिशेब केला — बौद्धपुऱ्यातली एखादी घेतली म्हणजे तालुक्याच्या साहेबांपुढे शोभा, आणि ती देवळात यायची नाही म्हणजे कटकटही नाही. मी सातवी पास आहे हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

सासूबाईंना त्या देवळाच्या पायरीवरून हाकललं होतं. तेव्हा ते येऊ देत नव्हते. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, आता आम्ही जात नाही. यातला फरक खुशालरावांना अजून उमगलेला नाही. आम्ही बाहेरच आहोत, पण आता आपल्या मर्जीनं.

९ जुलै

कोतवाल पुन्हा आला. पुन्हा परत.

२ सप्टेंबर

गावात गंमत चालली आहे. खुशालराव आणि ओमप्रकाशशेठ यांचं गायरानावरून फाटलं. शेठ म्हणतो खुशालरावांना सरपंच राहू देणार नाही. खुशालराव म्हणतात राजीनामा देईन, पण शेठला त्या खुर्चीत बसू देणार नाही. पंचायतीत माणसं नऊ. दोघंही बेरजा करून दमले, कोणाचंच जमेना.

काल शेठ आमच्या दारात. खाटेवर बसला नाही, उभाच राहिला. "बाई, तुमी बसा कुर्सीवर. चार-सहा महिने. झगडा थंडा झाला का मंग पाहू." आज सकाळी खुशालरावांचा माणूस तोच निरोप घेऊन आला! दोघांनाही दुसरा नको, म्हणून मी हवी. पायपुसणं दोन्ही घरांना चालतं.

बरं, बसते. पण एक अट घातली — यापुढं पंचायतीच्या सभा शाळेत होतील. दोघंही हसत हो म्हणाले.

९ सप्टेंबर

सरपंच झाले. जानराव — आमच्याच पुऱ्यातले मेंबर — "जय भीम, सरपंचबाई" म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. मला मात्र रडू आलं नाही. नवीन लुगडं टोचत होतं.

१४ ऑक्टोबर

शाळेत पहिली सभा. मुलांच्या बाकांवर मोठमोठे लोक गुडघे दुमडून बसलेले. गंगूबाई सवयीनं भिंतीमागे जायला लागली तर मी तिला पुढच्या बाकावर बसवलं आणि विचारलं, "गंगूबाई, गावाला काय पाहिजे? तुम्ही सांगा."

तिनं दाराकडे पाहिलं. किसनराव बाहेर होते, पण शाळेची खिडकी उंच. मान दिसेना! मग म्हणाली, "डाय शिजत नाई."

पुरुष हसले. मी नाही हसले. आमचा सगळा मुलूख खारपाणपट्टा. गावातल्या विहिरीचं पाणी इतकं खारट की तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवा, दाण्यासारखा दाणा राहतो. गोडं पाणी एकाच ठिकाणी आहे, बौद्धपुऱ्याच्या खालच्या अंगाला, नाल्यात. आम्हाला गावाच्या विहिरीवर चढू देत नव्हते म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी तिथं वाळूत पाझराचा खड्डा, झिरा, खोदला. गावानं आम्हाला नाल्यात ढकललं आणि गोडं पाणी निघालं नाल्यालाच! पण त्या झिऱ्याचं पाणी गाव पीत नाही. खारं पितात, डाळ कच्ची खातात, पोटं धरून बसतात, पण आमच्या झिऱ्यावर येत नाहीत.

सभेत सांगितलं — नाल्याकाठी पक्की विहीर बांधायची. पंचायतीची. सगळ्या गावाची. कुणाच्या एकट्याची नाही.

लगेच कुणी विरोध केला नाही. मंजुरी मिळायचीच नाही याची त्यांना खात्री होती.

२२ जानेवारी १९६३

अमरावतीला जाऊन आले. जिल्हा परिषदेत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. एक कारकून म्हणाला, "सरपंच कुठे आहेत? त्यांना पाठवा." म्हटलं, "पाठवलंय." त्याला कळेना. मग खुर्ची दिली त्यानं.

ओव्हरसियर येऊन पाणी बघून जाणार आहेत.

१७ फेब्रुवारी

ओव्हरसियरनं नाल्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि प्यायला. आमच्या झिऱ्याचं! सारा पुरा बघत उभा होता. "गोड आहे," म्हणाला. देवळाजवळच्या विहिरीचं तोंडात घेतलं आणि थुंकला. जागा ठरली.

१० मार्च

मंजुरी आली. आणि त्या दोघांचं भांडण मिटलं! कसं मिटणार नाही? खुशालराव आणि ओमप्रकाशशेठ काल एका पारावर बसून पान खात होते. विहीर देवळाजवळच खोदा म्हणतात. तिथं खारं पाणी लागेल हे माहीत आहे त्यांना. खारं चालेल, पण रहाटाला आमच्या बाया आणि त्यांच्या बाया एकदम नको.

खुशालराव मला म्हणाले, "कौसल्याबाई, झिऱ्यावर विहीर तुमच्यासाठी बांधून घ्या, आमची देवळाजोळ होऊ द्या. आमाले काई हरकत नाई." म्हटलं, पैसे एका विहिरीचे आहेत. आणि दोन असते तरी एकच बांधली असती.

२४ मार्च

खोदाई सुरू केली. मी स्वतः पहिली कुदळ मारली, नारळ नाही, गुलाल नाही. गंगूबाई आपल्या मळ्याच्या बांधावरून बघत होती. तिचा मळा आणि घर नाल्याच्या पलीकडंच, गावाची विहीर तिला सगळ्यात लांब. पण पुढं आली नाही. किसनराव खुशालरावांच्या पंगतीतले.

१४ एप्रिल

जयंती. भाषणात विहिरीचंच बोलले. दुसरं काय बोलणार?

५ मे

हे अकोल्याहून आले. जिनिंगमध्ये पाळी बदलून दोन दिवसांची सुट्टी काढली. जेवताना म्हणाले, "मी तिकडे कापसात आणि तू इथं एकटी. पाटलाशी आणि शेठशी एकदम वैर कशाला? देऊन टाक राजीनामा." मी ताटातली डाळ त्यांच्या पुढं केली. झिऱ्याच्या पाण्यात शिजवलेली. "ही बौद्धपुऱ्याच्या बाहेर कुणाच्या ताटात नाही," म्हटलं. त्यांनी ती पुसून खाल्ली.

सकाळी पिशवीतून लोखंडी कप्पी काढून ठेवली. विहिरीसाठी अकोल्यातून आणलेली! आधीच आणून ठेवली होती आणि वर मला राजीनामा द्यायला सांगतात. या माणसाचं काय करावं!

१२ मे

नोटीस आली. माझ्यावर अविश्वास. सभा २३ तारखेला, मारुतीच्या देवळात. शाळेला सुट्टी लागली आहे, मास्तर किल्ली घेऊन गावी गेले. किल्ली का नेली ते खुशालरावच जाणोत.

नऊपैकी सहा हात वर झाले की मी गेले. माझ्याकडून जानराव आणि भगवंत गोवारी. मी धरून तीन. त्यांच्याकडे बरोबर सहा, गंगूबाई धरून. मी गेले की नवा सरपंच विहीर देवळाजवळ नेणार, हे उघड बोलतात. पाणी लागायला आता थोडंच राहिलं आहे. खालून ओल आली आहे.

१९ मे

जानराव म्हणाले, "एक डाव जाऊन बसा देवळात. हात जोडू नका, टिळा लावू नका, नुस्तं बसा. आतमंदी बसून भांडता तं येईन."

रात्रभर नाही, पण दुपारभर विचार केला. नाही जाणार. खुर्ची वाचवायला आत गेले तर उद्या प्रत्येक सभा तिथंच होईल, आणि माझ्यामागून येणारी बाई पुन्हा खांबामागे बसेल. गेली खुर्ची तर गेली. बाहेरून भांडीन. माझा आवाज काही लहान नाही.

२१ मे

गंगूबाईच्या घरावरून गेले. ती दारात गहू पाखडत होती, किसनराव ओट्यावर. मी काही मागितलं नाही. सुपाचा आवाज तेवढा वाढला.

२३ मे

झाली सभा. नीट लिहून ठेवते.

मी आणि जानराव देवळासमोरच्या निंबाखाली बसलो. भगवंत आत. पंचायत समितीचे साहेब आले, ते खुशालरावांकडे जेवूनच. मी म्हटलं, "साहेब, सभा इथं निंबाखाली घ्या. सावली आहे, सगळे बसतील." खुशालराव आतून म्हणाले, "नोटिशीत देऊळ लिहेल हाय. तेथीच होईन." साहेबही म्हणाले, "ऐन वेळी ठिकाण बदलता येत नाही, बाई. तुम्हाला कुणी अडवलंय का? या ना आत."

"अडवलं नाही, साहेब. मी येत नाही."

मग मी बाहेरून बोलले. खारं पाणी, गोडं पाणी, एका विहिरीचे पैसे, सगळं. आतले देवाकडे तोंड करून बसले होते. कुणी वळून पाहिलं नाही.

आत त्यांचे पाच. सहावी गंगूबाई आलेली नव्हती. किसनराव पायरीवर बसून वाटेकडे बघत होते. "येऊन राहिली, येऊन राहिली," करत होते.

आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. पायरीकडे न जाता निंबाकडे वळली आणि आमच्यापासून जरा लांब, उन्हातच बसली. खाली बघत मला म्हणाली, "सरपंचबाई, तेयले सांगा. मले कावया शिवला. आत्ताच, वाटंनं. देवळात कशी येऊ?"

आता हे त्या सगळ्या पुरुषांना मी सांगायचं! पायरीपाशी गेले आणि सांगितलं, "गंगूबाईंना कावळा शिवलाय. त्या देवळात येऊ शकत नाहीत."

साहेब पेनाचं टोपण बघायला लागले. शेठनं खाकरून घेतलं. किसनराव ताडकन उठले, तोंड उघडलं, चारी बाजूंच्या माणसांकडे पाहिलं, आणि तोंड मिटून खाली बसले. बाईच्या या गोष्टीवर भरसभेत कोण काय विचारणार?

मग शेठला सुचलं. "तं मंग सभा बाहेर घेऊ ना! निंबाखाले!" खुशालराव लगेच, "हो, हो. सावली हाय तेथी."

मी म्हटलं, "साहेब, नोटिशीत ठिकाण कोणतं लिहिलंय?"

साहेबांनी कागद पुष्कळ वेळ वाचला. काय करतील? आत्ताच स्वतःच्या तोंडानं बोलून बसले होते. मत घेतलं. पाच हात. ठराव पडला.

मला बाहेर ठेवायला देऊळ निवडलं आणि आपलंच माणूस बाहेर राहिलं! जानराव हसून हसून निंबाला टेकले. मीही हसले.

२४ मे

सकाळपासून हसू येत नाही. माझं बोलणं ऐकून एक हात जरी खाली राहिला असता तरी मी जिंकले म्हटलं असतं. मी नाही जिंकले, कावळा जिंकला. नुसतं नशीब. पुरुषांनी जागा ठरवावी, बाईचा विटाळ आडवा यावा आणि मी वाचावं, यात माझं काय?

विहिरीवर गेले. माणसांबरोबर मातीच्या पाट्या ओढल्या. हात सोलले. बरं वाटलं.

४ जून

पाणी लागलं! गोडं. यांना अकोल्याला पत्र टाकलं, कप्पी बसवली म्हणून.

८ जून

आमच्याच बाया पाणी भरतात. गावातलं कुणी येत नाही. येतील. नाही आले तर खारं पितील.

११ जून

आज भरदिवसा गंगूबाई विहिरीवर आली. आपला पाण्याचा पितळी गुंड माझ्या गुंडाला लावून ठेवला आणि दोर हातात घेतला. सारा पुरा बघत होता. मी म्हटलं, "त्या दिवशी तशा अवस्थेत उन्हात आलात, त्रास नाही ना झाला?"

ती दोर ओढतच होती. "मायं तं दोन वर्सं झाले बंद होऊन, बाई. मालकाले ठावं हाय. पण चार माणसाइत सांगते कसे?" मग म्हणाली, "आत गेली असती तं तेइनं मान हलवली असती, न् मायावाला हात वर झालाच असता. सवय हाय त्याले. म्हणून आत गेलीच नाई."

मागं मी 'नुसतं नशीब' असं लिहिलं आहे. ते आता खोडते.