उसनं रक्त

आये, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तू गेलीस त्याला तीस वर्षं होऊन गेली, माझे केस तुझ्यापेक्षा पांढरे झाले. तरी आमसुलं करायला घेतली की तू डोळ्यांपुढे येतेस, ती इस्पितळातल्या खाटेवरची. गर्भाशयाचा कॅन्सर होता तुला. रक्त जाऊन जाऊन ओठांनासुद्धा रंग उरला नव्हता. वैद्यांचं लोहभस्म झालं, बोकडाची कलेजी नाक दाबून गिळून झाली, शेवटी रेवसहून बोटीनं तुला मुंबईला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "रोग आता हटायचा नाही. बाहेरून रक्त दिलं तर थोडे दिवस उठून बसतील, एवढंच." मी दाराशीच होते, पण मला ऐकू आलं ते फक्त 'उठून बसतील'. बाबांचं रक्त जुळलं नाही, माझं जुळलं. मला शेजारच्या खाटेवर आडवं केलं तेव्हा तू केवढ्यानं उखडलीस, "पोरीचं रगत मला न्हाय पायजे!" मी म्हटलं, "उसनं घे गो. बरी झालीस की दे परत." तेव्हा कुठं हात पुढं केलास.

आणि मेलं तेच नडलं. उसन्याच्या बाबतीत तू कशी, ते मला ठाऊक नव्हतं का? शेजारून वाटीभर तांदूळ आणलेस तर दिवस मावळायच्या आत परत, आणि वर शीग लावून! घरी आल्यावर तुझ्या गालांवर जरा रंग चढला. मी सगळ्या आळीला सांगत सुटले, आमची आये बरी झाली. पडून राहशील ती तू कसली! आमसुलांसाठी रातांबे फोडायला बसलीस. साली रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या. मग मिरच्या कुटल्यास, मग सुकट निवडलीस. मी ओरडते आहे, "आये, नीज ना जरा!" आणि तू मान वर न करता म्हणतेस, "तुजं रगत हाय तवर करून ठेवते. पावसात काय खाशील?"

म्हणजे तुला सगळं कळलं होतं. न कळलेली मी एकटीच.

रंग पुन्हा उतरला तोवर पावसाळ्यासाठी बोट बंद झाली होती. खुष्कीनं नेऊ, आणखी रक्त देते, म्हणून मी बाबांच्या पाया पडले. ते म्हणाले, "पोरी, डाक्टरनं तवाच सांगितलंय. न्हाय जगायची ती." तू गेलीस, आणि अख्खा पावसाळा तुझीच सुकट, तुझंच आमसूल. घास उतरत नव्हता, तरी खात होते.

हे पत्र कुठं पाठवायचं? चुलीत जाईल. पण एक सांगायचं राहिलंय ते सांगते. तुझ्या बरणीच्या तळाशी चार आमसुलं अजून आहेत, काळी, दगडासारखी. दरवर्षी त्यांना ऊन दाखवते, मीठ भुरभुरते, परत ठेवते. सून म्हणते, "टाका ती." टाकत नाही, खातही नाही. ती संपली तर उसनं फिटलं असं होईल. मला ते परत नकोच होतं, आये.