बाटली हलवायची नाही

नाही दादा, तू दार लावून घेतलंस म्हणजे भांडण संपलं असं होत नाही. तू आत कुणाच्या तरी दाढेत हात घालून बसलायस आणि मी बाहेर तुझ्या बाकावर बसून तुझ्याच औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहितेय. (कंपाउंडरने आधी एकच कागद दिला. मग माझं तोंड बघितलं आणि अख्खं पॅड दिलं.) रीत म्हणून सांगते : थोरल्या भावाला धाकट्या बहिणीचा नमस्कार, बसल्या जागेवरूनच. तुझी तब्येत उत्तम आहे हे मघाशी "चालती हो" म्हणालास त्या आवाजावरून कळलं. वहिनीची पाठ कशी आहे? चिमणीचा पडलेला दात आला का? आणि तुझं ते चावलेलं बोट?

बोटापासूनच सुरू करते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. दर सोमवारी अकराला आमच्या धरणाचा धोक्याचा भोंगा वाजायचा, तो चालतोय की नाही हे बघायला. लोक त्यावर घड्याळं लावायचे. तू मात्र दातांचा डॉक्टर, बारा वर्षं इथे धरणाच्या खाली दुकान मांडून बसलायस, आणि सोमवारी अकराला कुणाच्या तोंडात बोट ठेवू नये एवढं तुला सुचलं नाही. भोंगा वाजला, पेशंट दचकला, चावला. चूक कुणाची? भोंग्याची! मग तू भोंगा बंद करा म्हणून चारशे बारा सह्या गोळा केल्यास. अरे, खुर्चीत आडवा पडलेला, तोंडात कापूस कोंबलेला माणूस सही करणार नाही तर काय करणार? पहिली सही आईची. तिला विचारलं तर म्हणते, "अगं, तो म्हणाला इथे कर, केली. पण मग अकरा वाजले हे कळणार कसं?"

आणि आमचं ऑफिस! खिडकीची काच बसवायला दोन वर्षं लावणारं. तुझा अर्ज मंगळवारी आला, बुधवारी भोंग्याची वायर काढून, गुंडाळून, कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात. "जनतेची इच्छा," म्हणाले.

आता माझं काम सांगते, कारण तीन वर्षांत तू विचारलं नाहीस. (पाहुण्यांना सांगतोस, "ती पाण्याचं काहीतरी करते.") मी रोज सकाळी नऊला धरणाच्या पायथ्याशी पाझराचं पाणी बाटलीत भरते. मातीचं धरण थोडं पाझरणारच. पाणी नितळ असलं तर काळजी नाही. गढूळ आलं तर समजायचं, ते येताना आतून धरणाची माती घेऊन येतंय. एवढंच शास्त्र आहे, चिमणीलाही कळेल.

गेले सोळा दिवस गढूळ येतंय. पहिल्या दिवशी मी वहीत तसं लिहिलं. साहेबांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "घाई काय आहे? जरा बसू दे." मला नव्हे, गाळाला. बाटली फळीवर ठेवली. अकरापर्यंत गाळ तळाला आणि वर पाणी असं की पिऊन टाकावं. "बघ, नितळ!" झालं, खाडाखोड नको म्हणून वहीचं पानच बदललं आणि ही आमची पद्धत ठरली. नऊला भरायची, अकराला बघायची. फळीवर साहेबांनी सुंदर अक्षरात पाटी लावली : बाटली हलवायची नाही. झाडणाऱ्या मावशी आता तिथे श्वास रोखून फडकं मारतात. आणि दादा, तुझ्यावर ओरडतेय खरी, पण पंधराच्या पंधरा 'नितळ' माझ्या अक्षरात आहेत.

हे सगळं कशासाठी, तर उद्या धरणाला पन्नास वर्षं पूर्ण होतायत. मोठे लोक येणार, सगळा देश टीव्हीवर बघणार. कठड्याला रंग चाललाय. साहेब आरशासमोर भाषण पाठ करतायत. खालच्या उतारावर मोठा ओला डाग पडलाय, तर तो झाकायला कुंड्या मांडल्या. आज सकाळी तीन कुंड्या कलंडलेल्या होत्या. साहेबांनी माळ्याला झापलं.

आणि आज गाळ बसलाच नाही. अकरा झाले, बारा झाले, एक वाजला, बाटली आपली चहासारखी. साहेब म्हणाले, "मोठी बाटली आणा." मुख्य ऑफिसला फोन केला, तिथले सगळे उद्याच्या खुर्च्या मांडायला गेलेत. म्हणून बस पकडून तुझ्याकडे आले. एवढंच म्हटलं की तुझा अर्ज आत्ताच्या आत्ता मागे घे, भोंगा परत जोडू देत. तू म्हणालास, "तुझ्या साहेबांना कळत नाही का?" गंमत म्हणजे साहेब म्हणाले होते, "खालच्या लोकांना काळजी नाही, तर तुला कशाला?"

असो. सगळ्यांनी आपापली काळजी घ्यावी.

तुझी (आज नाइलाजाने)
बहीण

ता. क. अर्ज वगैरे राहू दे. खरं मागणं वेगळंच आहे. आईला मी आत्ता घेऊन जातेय आणि चिमणीला शाळेतून. तू वहिनीला घे आणि माझ्या खोलीवर ये. टेकडीवर आहे, चढण आहे, गुडघे दुखतात म्हणून तीन वर्षं आला नाहीस. आज दुखू देत.

ता. क. २ माझं चुकलंही असेल. तसं झालं तर सोमवारी अकराला तुझ्या खुर्चीत बसते. कुठलाही दात काढ, चांगला काढ, भूल न देता. आणि जन्मभर चिडव. तू चिडवावंस अशी माझी फार इच्छा आहे रे.

ता. क. ३ आतला नळ बंद झाला, म्हणजे हात धुऊन झाले तुझे. आता दार उघडशील आणि समजावायला लागशील. पुढच्या पेशंटला आत घेऊ नकोस, त्यालाही घरी पाठव, घरच्यांना घेऊन वर ये म्हणावं. आजची बाटली सोबत आणली होती, ती बाकावर ठेवलीय. तासभर इथे जागची हललेली नाही, तरी पलीकडचं दिसत नाही. हलवायचीही गरज नाही. निघाले.