गाडी खाली केली तेव्हा

देवळी,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय अंजू,

अनेक आशीर्वाद. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. तळेगावच्या तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे घरी सगळ्यांसमोर उघडावं लागणार नाही.

आई बरी आहे. कमरेचा पट्टा दिवसभर असतो, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवतो. काल अर्धी भाकर आणि वांग्याचं भरीत खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाली. म्हणजे तोंडाला चव आली. इकडे ऊन तापायला लागलंय, हरभरा सोंगायला आला. रुखमाबाई रोज सकाळी येते, आईचं अंग पुसून देते आणि गावभरच्या बातम्या सांगते, त्यामुळे आईची सकाळ बरी जाते.

तू रविवारी आईला न्यायला येणार, हे मावशीकडून कळलं. ‘त्या माणसाच्या घरात आईला एक दिवस ठेवणार नाही’ असं म्हणालीस, तेही कळलं.

तो माणूस म्हणजे तुझे भाऊजी. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

त्या गाडीची तुला जेवढी चीड आहे, तेवढी मला किळस आहे, हे आधी सांगते. रोज वर्ध्याला जिनिंगच्या ऑफिसात जाण्या-येण्यासाठी घेतलेली साधी, छोटी, पांढरी गाडी. एकोणपन्नासाव्या वर्षी या माणसाला मोबाइलवर कुठे तरी जमिनीला टेकलेल्या गाड्या दिसल्या आणि डोक्यात भूत शिरलं. जेवताना फोन माझ्या ताटावर धरायचे. “पाह्य ना, कशी बसकी दिसून राह्यली!” मला त्या गाड्या पोटावर सरपटणाऱ्या पालींसारख्या दिसायच्या. तोंडातला घास गिळवायचा नाही.

डिसेंबरात पार्सल आलं. खोक्यात चार लाल स्प्रिंगा. गाडीच्या मूळ स्प्रिंगांपेक्षा आखूड. त्या बसवल्या की गाडी दोन इंच खाली येते. गाडी जास्त पळत नाही, पेट्रोल वाचत नाही, बसणाऱ्याला उलट हादरे बसतात. फक्त ती खाली दिसते. ते खोकं तीन दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं. त्याच्या तेलकट वासानं मला पोळी जाईना. हे मात्र जेवून हात धुतले की खोकं उघडायचे आणि स्प्रिंगांवरून बोट फिरवायचे.

आणि अंजू, याच माणसानं महिनाभर आधी अख्खं घर वर उचललं होतं. दिवाळीत आई अंगणात घसरली, पाच नोव्हेंबरला नवा खुबा बसवला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तूही होतीस. तीन महिने खाली बसायचं नाही. बसल्यावर गुडघा कमरेच्या वर येता कामा नये, नाही तर खुबा खोबणीतून निसटेल. तुझ्या भाऊजींनी त्याच संध्याकाळी पलंगाच्या चारही पायांखाली विटा लावल्या. खुर्चीखाली पाट ठोकला. संडासातली सीट उंच केली, आणि स्वतः बसून पाहिली, डुगडुगते का म्हणून. हे तुला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलं नाही.

बावीस डिसेंबरचा रविवार होता. वर्ध्याला ताराचंद मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी लावली. मलाही घेऊन गेले. आईजवळ रुखमाबाई होती. सात आठवड्यांत मी पहिल्यांदा दवाखाना सोडून कुठे तरी निघाले होते. त्यांचे ऑफिसातले दोन मित्र तिथे आधीच हजर. पन्नाशीची माणसं, गाडी वर टांगलेली, आणि हे तिघं मांडीवर हात ठेवून तिच्या खाली वाकून बघतायत. कुणी एवढ्या कौतुकानं बायकोचं बाळंतपणसुद्धा बघितलं नसेल.

एक जण यांना म्हणाला, “गजाभाऊ, टायरच्या वरती चार बोटं जागा आहे. दोन बोटं राह्यली पाह्यजे, मंग मजा!”

दुसरा माझ्याकडे वळला. “वहिनी, आता तुमाले गाडीतून उतराले पायरी नाई, दोर लागन!”

आणि फिदीफिदी हसणं. एकानं खर्रा थुंकला तो माझ्या चपलेजवळ. मी पाय मागे घेतला.

ताराचंदनं चाकं काढली, जुन्या स्प्रिंगा लोखंडी आकड्यांनी आवळून सोडवल्या. मध्ये त्यानं मला एक गोष्ट विचारली. ती पुढे लिहिते. चार वाजेपर्यंत नव्या बसल्या. तिघांनी आळीपाळीनं टायरवर बोटं घालून बघितली. फोटो काढले. मलाही दारापाशी उभं केलं. तो फोटो अजून त्यांच्या फोनमध्ये आहे. मी त्यात हसते आहे.

घरी आलो तर रुखमाबाई फाटकात उभी. “माय वं! चारई चाकाची हवा गेली काय? गाडी बसली काऊन अशी?” मग देवळीतल्या प्रत्येक गतिरोधकावर खालून खर्रकन आवाज यायचा आणि माझ्या दातांना शिरशिरी यायची. हे मात्र म्हणायचे, “सवय होईल.”

तीस जानेवारीला तपासणी होती. तीन महिन्यांना सहा दिवस कमी. आदल्या दिवशी तुझे भाऊजी म्हणाले, “आईंना आपल्या गाडीत जमणार नाही. शेजारच्या प्रभाकररावांची जीप सांगतो, ती उंच आहे.”

मी म्हटलं, “दर वेळी लोकांचे उपकार कशाला? मी गोधडी घालते सीटवर. आईचं मी पाहते.”

ते म्हणाले, “पक्कं?”

मी म्हटलं, “एकदा सांगितलं ना.”

ते माझ्यासाठी गाडी ठेवून सकाळी एसटीनं कामावर गेले. म्हणजे हे घडलं तेव्हा ते तिथे नव्हतेच. रुखमाबाईनं आणि मी आईला वॉकरवर दारापर्यंत आणलं. गोधडीची चौपदरी घडी घातली होती. आईनं पाठ गाडीकडे केली, हात मागे नेऊन सीट चाचपली. ती हाताला लागेना.

“ज्योत्स्ना, हे लई खाली हाय वं.”

“बस ना आई. उशीर होतो आहे.”

“मी पडीन वं.”

“मी धरलंय. बस!”

माझा आवाज कसा होता ते मला माहीत आहे. रुखमाबाईनं माझ्याकडे बघितलं होतं. आई बसली. बसली म्हणजे गेली. गोधडी तिच्याखालून पुढे सरकली, ती खोल रुतली, गुडघे छातीकडे आले आणि आतून खट्ट असा एक आवाज आला. आई ओरडली नाही. माझ्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत होतं, ते तिनं दवाखान्यात भूल देईपर्यंत सोडलं नाही.

खुबा निसटला होता. पुढचं तुला माहीत आहे. तू दुपारी पोचलीस, आणि वॉर्डात सगळ्या पेशंटांसमोर त्यांना म्हणालीस, “तुमची हौस माझ्या आईच्या हाडावर आली, भाऊजी. लाज वाटू द्या.” ते चहाचा थर्मास हातात घेऊन उभे होते. त्यांनी मान खाली घातली. मी दोन हातांच्या अंतरावर होते, अंजू. मी फरशीकडे बघत राहिले.

चौथ्या दिवशी त्यांनी जाऊन जुन्या स्प्रिंगा परत बसवून आणल्या. घरात कुणाशी बोलत नाहीत. आईच्या खोलीत जाताना दारात थांबतात, आत बोलावलं तरच जातात. आपल्यामुळे झालं असं त्यांनी मनाशी पक्कं धरलंय.

आता ताराचंदनं विचारलं ते लिहिते.

हे चहा सांगायला बाहेर गेले होते, मित्र त्यांच्यासोबत. ताराचंदच्या हातात पहिली लाल स्प्रिंग होती. लावण्याआधी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “ताई, घरी कोनी म्हातारं मानूस, गुडघ्या-कमरेचं पेशंट बसते काय या गाडीत? बसत असन त मी नाई लावत. मागं एका आजीले तरास झालता. साहेबाले सांगतो मी, त्याहिचं मन मोडन, पन मी नाई लावत.”

मी म्हटलं, “नाही. कुणी नाही बसत.”

त्यानं पुन्हा विचारलं. “नक्की ना?”

“नक्की.”

पंधरा दिवसांपूर्वीच त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी आईला तपासणीला नेलं होतं.

का म्हटलं असं? इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून. ते खोटं आहे. त्यांचे किती बेत मी आजवर बिनदिक्कत मोडले आहेत. खरं असं की त्या दिवशी सकाळी आईचं रात्रीचं लघवीचं भांडं माझ्या हातावर सांडलं होतं. मी तीनदा साबण लावला. गॅरेजात उभी होते तरी तो वास बोटांना होताच. घराच्या प्रत्येक कोपऱ्याला तो वास आहे, पडद्यांना आहे, माझ्या केसांना आहे. मला आपल्या आईची किळस यायला लागली होती, अंजू. जिनं आपलं सगळं निस्तरलं तिची. आणि त्या माणसानं जेव्हा विचारलं, तेव्हा मनात एकच आलं, की आता ही गाडी तरी आईची राहणार नाही. एक तरी वस्तू या घरात आजारपणाची नसेल. आणि ‘नाही’ म्हटल्यावर मला इतकं हलकं वाटलं की फोटोत मी हसले.

मग जीप का नको म्हटली, तेही सांगते. जीप आली असती तर हे ताराचंदकडे कधी तरी बोलले असते, की गाडी खाली केल्यानं सासूबाईंची अडचण झाली. तो म्हणाला असता, मी तर ताईंना विचारलं होतं. माझं ‘नाही’ लपवायला मी आईला त्या सीटवर बसवलं. चिडून बसवलं.

आईला हे कळलं आहे. सगळं नाही, पण मी तिला चिडून बसवलं एवढं कळलं आहे. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, “अंजूले काई सांगू नको. ते जवाईबापूवर रागावली, रागावू दे. जवायाचा राग दोन वर्सांत उतरते. तुमी बहिणी तुटल्या त तुमाले जोडाले मी किती दिवस हावो?”

मी म्हटलं, “आणि ते?”

“त्याहिचं काय. चांगला मानूस हाय. सोसून घेईन.”

आणि मी मान हलवली. बाहेर येऊन चहा ठेवला. ते ओट्याशी उभे होते, मी त्यांच्या हातात कप दिला आणि त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, “तू पण रागावली असशील ना माझ्यावर?” मी म्हटलं, “जाऊ द्या आता.” म्हणजे मी त्यांना माफ केलं, अंजू. मी. त्या क्षणापासून मला स्वतःचा हात स्वतःच्या तोंडाला लावावासा वाटत नाही.

शेवटची एक गोष्ट, आणि ही लिहायला मी दोन दिवस घेतले. तू आईला नेणार हे कळलं तेव्हा मी रडले, असं मावशीनं तुला सांगितलं असेल. रडले खरी. पण त्याआधी एक क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तू मला काय म्हणायचं ते ठरवशील तेव्हा हेही धर.

तर रविवारी ये. आईला घेऊन जा. मी अडवणार नाही, आणि तिला माझ्यापेक्षा तू चांगली ठेवशील. प्रभाकररावांची जीप मी सांगून ठेवली आहे, ते स्वतः तळेगावपर्यंत सोडतील. पण त्या दिवशी फाटकात उभी राहू नकोस, घरात ये. आज रात्री जेवण झालं की मी हे पत्र तुझ्या भाऊजींना वाचून दाखवणार आहे. उद्या सकाळी टपालात टाकीन. त्यानंतर ते माझ्याशी कसे वागतील ते माझं मी बघीन. आईनं शपथ घातली असती तरी मी हे लिहिलं असतं, असं म्हणवत नाही. तिनं शपथ घातली नाही म्हणून लिहू शकले, एवढंच.

आईला मात्र सांगू नकोस की मी सांगितलं. तिला वाटू दे, दोघी बहिणी तिच्यामुळे जुळून राहिल्या.

मला उत्तर नको. फोन करायचाच तर त्यांना कर. एकदा ‘भाऊजी’ म्हण. दुसरं काही म्हटलं नाहीस तरी चालेल, ते समजतील.

ज्योत्स्ना